१२ ग्रॅमचा पक्षी अटलांटिक ओलांडतो तो कशाच्या बळावर?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून न्यू जर्सीतल्या एडिसनला राहायला आलेल्या एका ताईंना सप्टेंबरअखेर परसातल्या ओकवर हिरवट, अंगावर बारीक रेघा असलेला एक पक्षी आठवडाभर दिसत होता. मोबाइलवरच्या ॲपने त्याला ब्लॅकपोल वॉर्बलर म्हटलं, शेजारी म्हणाले पाइन वॉर्बलर. ब्लॅकपोल न थांबता समुद्रावरून दक्षिण अमेरिकेच्या दिशेने जातो असं वाचून त्यांचा विश्वास बसेना. हे खरं का, एवढ्याशा जिवाला ते जमतं कसं, आपल्याकडच्या पर्ण वटवट्याचा हा कोणी लागतो का, त्याला दाणे घालावेत का, असं त्यांनी विचारलंय. शिवाय त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलाला अभ्यासासाठी पक्ष्यांच्या पायात क्रमांकाची कडी घालायला शिकायचंय.

ताई, दाण्यांचं आधी सांगून टाकतो, कारण ते सोपं आहे. घालू नका, तो ढुंकूनही बघणार नाही. ब्लॅकपोल अळ्या, मावा, छोटे भुंगे आणि कोळी टिपतो, शरदात जोडीला थोडी रानफळं. पाइन वॉर्बलर मात्र फीडरवर येतो, सुएटच्या, म्हणजे गुरांच्या चरबीच्या, वड्या खातो, सूर्यफुलाच्या बियांचे तुकडेही उचलतो. तेव्हा तुमचा पक्षी फीडरवर बसलेला दिसला तर शेजारी बरोबर आहेत असं समजायला हरकत नाही.

आता ओळख. मी मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर शरदात पक्ष्यांना कडी घालण्याचं काम करतो, त्यामुळे ब्लॅकपोल झाडावर पाहिलाय त्याहून जास्त हातात धरून पाहिलाय. मे महिन्यातला नर ओळखायला कोणाची मदत लागत नाही: काळी टोपी, पांढरेशुभ्र गाल, अंगावर काळ्या रेघा, पाय पिवळे-नारिंगी. पण उन्हाळा सरता सरता पिसं बदलली की टोपी जाते, आणि नर, मादी, त्या वर्षीची पिल्लं असे सगळेच हिरवट-पिवळट दिसू लागतात. इथले मुरलेले पक्षिनिरीक्षकसुद्धा शरदातल्या वॉर्बलरांना वचकून असतात. त्यातही ब्लॅकपोल, पाइन आणि बे-ब्रेस्टेड या तिघांनी जेवढा छळ मांडलाय तेवढा दुसऱ्या कोणी नाही.

तळवे बघा. शरदात ब्लॅकपोलच्या पायांच्या नळ्या बऱ्याचदा काळपट होतात, पण बोटं आणि विशेषतः तळवे पिवळे राहतात. पानाच्या खालच्या बाजूची अळी काढायला तो उलटा लटकतो, तेव्हा दुर्बिणीतून तळवा नीट दिसतो. बे-ब्रेस्टेडचे पाय राखी-काळे, तळव्यालाही पिवळेपणा नाही. मग शेपटीच्या खालची पिसं बघा. ब्लॅकपोलची पांढरी, बे-ब्रेस्टेडची फिकट पिवळसर-तपकिरी, आणि त्याच्या कुशीवर बहुधा विटकरी रंगाची झाक उरलेली असते. पाइनची पाठ साफ असते, एकही रेघ नाही. ब्लॅकपोलच्या पाठीवर बारीक काळ्या रेघा असतात, छातीच्या कडांनाही धूसर रेघा असतात. पंखावर दोन पांढऱ्या पट्ट्या तिघांनाही आहेत, त्यांवर वेळ घालवू नका.

एक खूण पुस्तकांत असते पण तिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. बसलेल्या ब्लॅकपोलच्या मिटलेल्या पंखाचं टोक शेपटीवर बरंच मागे जातं आणि शेपटी आखूड वाटते. पाइनचं उलट: पंख आखूड, शेपटी लांब, चोच जाड. लांब पल्ला उडणाऱ्याचा पंख लांब आणि टोकदार असतो. पाइन अमेरिकेच्या आग्नेय भागातच हिवाळा काढतो, त्याला तसल्या पंखाचं काम नाही. तुम्ही लिहिलंय की पक्षी ‘अंगावर बारीक रेघा’ असलेला होता आणि आठवडाभर त्याच ओकवर खात होता. त्यावरून माझं मत ॲपच्या बाजूने आहे.

पर्ण वटवट्याशी नातं नाही. दिसायला सारखा, वागायला सारखा, तीच पानापानांत चाललेली लगबग. पण आपल्याकडे हिवाळ्यात येणारा हिरवट पर्ण वटवट्या जुन्या जगातल्या वेगळ्या कुळातला. ब्लॅकपोल ज्या पॅरुलिडी कुळातला आहे त्यात ११५च्या आसपास जाती आहेत आणि त्या सगळ्या अमेरिका खंडांतल्या. हातात धरल्यावर फरक लगेच कळतो: इकडच्यांच्या पंखात टोकाकडची मोठी पिसं नऊच मोजता येतात, आपल्याकडच्यांच्या दहा. क्वचित जोरदार पश्चिमी वाऱ्याने ब्लॅकपोल वाट चुकून ब्रिटनच्या सिली बेटांवर जाऊन पडतो, आणि मग तिथे दुर्बिणीवाल्यांची जत्रा भरते.

आता समुद्र. तुम्ही वाचलंत ते खरं आहे, फक्त एक दुरुस्ती: बहुतेकांचा पहिला मुक्काम दक्षिण अमेरिकेत नसतो, कॅरिबियन बेटांवर असतो. तिथे थोडं खाऊन ते पुढे व्हेनेझुएला, कोलंबिया आणि ॲमेझॉनच्या खोऱ्याकडे जातात.

हे ऐकल्यावर लोक पक्ष्याच्या पंखांबद्दल विचारतात. मी त्यांना त्याच्या पोटाबद्दल सांगतो. उडणं तीन दिवसांचं आहे, पण पक्षी पोचणार की बुडणार हे त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत, किनाऱ्यालगतच्या झाडाझुडपांत ठरतं. तुम्ही पाहिलेला पक्षी तुमच्या परसात थांबला होता असं तुम्हाला वाटतंय, पण तो प्रवासाचं सगळ्यात महत्त्वाचं काम करत होता.

आमचं काम कसं चालतं ते सांगितलं तर हे स्पष्ट होईल. पहाटे उजाडायच्या आधी झुडपांच्या वाटांवर बारा-बारा मीटर लांबीची बारीक नायलॉनची जाळी उभी करतात, त्यांना मिस्ट नेट म्हणतात. पक्ष्याला ती दिसत नाहीत. तो आपटतो आणि जाळ्याच्या झोळात अलगद पडतो. दर अर्ध्या तासाला, ऊन किंवा थंडी जास्त असेल तर त्याहून लवकर, फेरी मारायची, पक्षी सोडवायचा, कापडी पिशवीत घालून टेबलाशी आणायचा. पायात नऊ आकडी क्रमांकाची ॲल्युमिनियमची कडी. पंखाची लांबी. मग मानेवरची आणि पोटावरची पिसं तोंडाने फुंकर मारून बाजूला करायची. पक्ष्याची कातडी इतकी पातळ असते की खालचं सगळं दिसतं: स्नायू लालसर, चरबी पिवळी. गळ्याच्या तळाशी, जिथे छातीच्या वरची दोन हाडं एकमेकांना मिळतात, तिथे एक खळगा असतो. तो रिकामा असेल तर चरबी शून्य. भरला असेल तर बरी. खळग्यातून चरबी बाहेर फुगून आली असेल आणि पोटावरही पिवळा थर चढलेला असेल, तर हा पक्षी निघायच्या तयारीत आहे. शेवटी त्याला डोकं खाली करून एका छोट्या नळकांड्यात ठेवतात आणि वजन करतात. अपमानास्पद दिसतं खरं, पण तो शांत राहतो.

नेहमीचा ब्लॅकपोल १२ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तुमच्या पर्समधली दोन क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरची, नाणी. सप्टेंबरच्या सुरुवातीला तो याच वजनाचा सापडतो. ऑक्टोबरच्या आरंभी तीच जात १७, १८, २० ग्रॅमची सापडते. कडी घातलेला एखादा पक्षी काही दिवसांनी पुन्हा जाळ्यात आला की त्याच्याच वजनातला फरक कागदावर उतरतो. आमच्या टेबलाशी हाच क्षण सगळ्यांना आवडतो, नवशिक्या मुलांनाही.

चरबीच का? एक ग्रॅम चरबीतून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात, पिष्ट पदार्थांतून आणि प्रथिनांतून चारच्या आसपास. शिवाय पिष्ट शरीरात साठवायचं तर त्याच्याबरोबर पाणीही साठवावं लागतं, वजन वाढतं. चरबी जवळजवळ कोरडीच साठते. आणि ती जळताना पाणी तयार होतं, ग्रॅमभर चरबीमागे ग्रॅमपेक्षा किंचित जास्तच. खाऱ्या समुद्रावर तीन दिवस गोडं पाणी प्यायला मिळणार नसलेल्या पक्ष्याला हे पाणीही उपयोगी पडतं. जोडीला तो स्वतःचं मांसही जाळतो. कॅनडातल्या वेस्टर्न युनिव्हर्सिटीत पक्ष्यांसाठी बांधलेला वाऱ्याचा बोगदा आहे. तिथे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी ब्लॅकपोल उडवून पाहिले, त्यातला एक सलग २८ तास उडला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामातून दिसलं की उड्डाणाच्या सुरुवातीलाच पक्षी बरंच प्रथिन जाळतात, नंतर ते प्रमाण कमी होतं. म्हणजे मांस हा शेवटचा, नाइलाजाचा साठा आहे हा जुना समज बदलावा लागला.

ढोबळ हिशेब मांडून बघा. उडताना हा पक्षी तासाला साधारण एक दशांश ग्रॅम खर्चतो. उड्डाण साठ-बासष्ट तासांचं, म्हणजे सहा-साडेसहा ग्रॅम लागले. वीस ग्रॅमवर निघालेला साडेतेरावर उतरेल, थकलेला पण जिवंत. पंधरा ग्रॅमवर निघाला तर? तीन ग्रॅम चरबी तीस-बत्तीस तासांत संपेल, आणि तेव्हा खाली नुसतं पाणी असेल. मधे बसायला काही नाही. बदक किंवा कुरव असता तर पाण्यावर टेकला असता, याची पिसं भिजली की संपलं.

आता तुम्ही म्हणाल, मग तो आणखी आधी, उन्हाळ्यापासूनच का जाड होत नाही? कारण चरबीची किंमत मोजावी लागते. जड पक्षी फांदीवरून तितक्या चपळाईने सुटत नाही, आणि त्याच किनाऱ्याने त्याच आठवड्यांत मर्लिन आणि शार्प-शिन्ड हॉक हे शिकारी पक्षीही दक्षिणेला चाललेले असतात. म्हणून शेवटच्या टप्प्यावर, शक्य तितक्या उशिरा, शक्य तितक्या वेगाने खायचं. यात खाणं कमी पडलं तर भरपाई करायला जागा उरत नाही.

निघायची वेळ वारा ठरवतो. थंड हवेची आघाडी किनाऱ्यावरून पुढे सरकली, आकाश निवळलं, वायव्येचा वारा सुटला, की त्या संध्याकाळनंतर काळोखात ते उठतात आणि आग्नेयेला, थेट समुद्राकडे तोंड करतात. नकाशावर हे वेडेपणाचं दिसतं, कारण दक्षिण अमेरिका तर दक्षिणेला आहे. पण बर्म्युडाच्या पुढे, खालच्या अक्षांशांवर ईशान्येचे व्यापारी वारे मिळतात आणि ते पक्ष्याला परत नैर्ऋत्येकडे, बेटांकडे ढकलतात. दोन्ही टप्प्यांत वारा पाठीशी. हा हिशेब फिसकटतो तो मुख्यतः चक्रीवादळांमुळे, कारण त्यांचा हंगामही नेमका हाच.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारा प्रवास अमूर ससाण्याचा. लोणावळ्याच्या पठारांवर नोव्हेंबर-डिसेंबरात काही जण तो बघायला जातात. नागालँड-मणिपूरकडून महाराष्ट्रावरून येऊन तो अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेला जातो, हे २०१३ पासून लावलेल्या उपग्रह-टॅगमुळे कळलं. मात्र तो ब्लॅकपोलपेक्षा दहापटीहून जड, त्याच्या पाठीवर टॅग बसतो. १२ ग्रॅमच्या पक्ष्यावर उपग्रहाशी बोलणारं यंत्र लादता येत नाही, आणि ब्लॅकपोलची वाट सिद्ध व्हायला अर्धं शतक लागलं ते यामुळे.

ती कथा तुमच्या गावाशी जोडलेली आहे म्हणून थोडी सविस्तर सांगतो. १९६०च्या दशकात विल्यम ड्रूरी आणि इयन निस्बेट या पक्षी-अभ्यासकांनी मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉडवरच्या रडारवर शरदातल्या रात्री पाहिलं की लहान पक्ष्यांचे थवेच्या थवे आग्नेयेला समुद्रावर निघून जातायत. पण रडारवर ठिपका दिसतो, जात दिसत नाही. निस्बेटनी मग ठिकठिकाणच्या कडी घालणाऱ्यांकडची वजनं आणि नोंदी जमा केल्या आणि १९७०मध्ये मांडलं की ईशान्य किनाऱ्यावर ब्लॅकपोल भरपूर चरबी चढवतो, आणि दक्षिणेकडच्या राज्यांत शरदात त्या मानाने दिसतच नाही. मग तो जातो कुठे? पुढे टिमथी आणि जॅनेट विल्यम्स या दांपत्याने बेटांवरची आणि जहाजांवरची रडारं वापरून समुद्रावरच्या पक्ष्यांच्या वाटा जोडून दाखवल्या. तरीही सगळ्यांना पटलं नाही. रटगर्स विद्यापीठातले, म्हणजे तुमच्या घराजवळचेच, बर्ट्रम मरे यांनी १९८९मध्ये या सगळ्या पुराव्याची चिरफाड केली. त्यांचं म्हणणं, हा पक्षी किनाऱ्याकिनाऱ्याने आग्नेय अमेरिकेपर्यंत जातो आणि तिथून समुद्र ओलांडतो, एवढ्यानेही या नोंदींचा अर्थ लागतो. निस्बेट आणि सहकाऱ्यांनी १९९५मध्ये त्यांना सविस्तर उत्तर दिलं. माझं मत विचाराल तर मरेंच्या शंका नसत्या तर पुढचं काम इतक्या काटेकोरपणे झालं नसतं.

निकाल लागला तो अर्ध्या ग्रॅमच्या जिओलोकेटरने. हे यंत्र कुठेही संदेश पाठवत नाही. ते फक्त उजेड किती आणि किती वाजता, एवढंच टिपून ठेवतं. दिवस किती लांब यावरून अक्षांश निघतो, मध्यान्ह केव्हा झाली यावरून रेखांश. ब्लॅकपोलच्या मांड्यांभोवती दोन फासे अडकवून ते कमरेवर बसवतात. गोम अशी की माहिती हवी असेल तर तोच पक्षी पुढच्या वर्षी परत पकडावा लागतो. २०१३मध्ये व्हरमाँटच्या डोंगरांत आणि कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात यंत्रं बसवली, आणि परत हाती लागले ते फक्त पाच पक्षी. पाचही जणांची कहाणी एकच निघाली: सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीतरी किनारा सोडला, २,२७० ते २,७७० किलोमीटर समुद्र सलग उडून पार केला आणि हिस्पॅनिओला, पोर्तो रिको किंवा त्या परिसरातल्या बेटांवर उतरले. २०१५मध्ये बिल डेलुका आणि सहकाऱ्यांनी हे छापलं. सरासरी वेग काढलात तर ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास येतो.

त्यानंतरचं काम मला याहूनही भारी वाटतं. अलास्कातल्या नोम इथल्या ब्लॅकपोलना यंत्रं लावली. नोम म्हणजे बेरिंग समुद्राचा काठ, समोर रशिया. तिथून दक्षिण अमेरिकेला जायचं तर कोणीही पश्चिम किनारा धरून खाली येईल. हे पक्षी आधी अख्खा कॅनडा आडवा ओलांडून अटलांटिकच्या काठावर येतात, तिथे जाड होतात आणि मग समुद्रावर झेप घेतात. येऊन-जाऊन वर्षाला २०,००० किलोमीटर. तेव्हा तुमच्या ओकवरचा पक्षी व्हरमाँटचा असेल किंवा अलास्काचा. नुसतं बघून कोणालाही सांगता येणार नाही.

वसंतात मात्र तो या वाटेने येत नाही. तेव्हा तो क्युबा-फ्लोरिडाकडून जमिनीवरून टप्प्याटप्प्याने वर येतो आणि मे महिन्याच्या उत्तरार्धात, बाकीचे वॉर्बलर येऊन गेल्यावर, न्यू जर्सीत पोचतो. त्याचं गाणं म्हणजे एकाच पट्टीतला बारीक ‘त्सित्‌-त्सित्‌-त्सित्‌’, मधे मोठा होतो, शेवटी हळू होतो, आणि तो ८,००० ते १०,००० हर्ट्‌झच्या पट्टीत असतो. पन्नाशी-साठी गाठलेल्या अनेकांना ते ऐकूच येत नाही. माझ्या ओळखीतले उत्तम कानाचे लोक एका वसंतात अचानक म्हणू लागतात की यंदा ब्लॅकपोल कमी आलेत. मुलाला सोबत घेऊन जा, त्याला ऐकू येईल.

कमी होतायत हेही खोटं नाही. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासानुसार १९७०पासून उत्तर अमेरिकेतले सुमारे ३ अब्ज पक्षी घटले, त्यांतले ६० कोटींहून अधिक याच वॉर्बलर कुळातले. ब्लॅकपोल आता आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ‘संकटाच्या जवळ पोचलेली जात’ म्हणून आहे. अजून कोट्यवधींच्या संख्येने तो आहे, म्हणून कोणाला घाई वाटत नाही.

तुमच्या हातात काय आहे? दाणे नकोत हे सांगितलंच. पक्ष्याला खायला अळ्या हव्यात, आणि अळ्यांना झाड हवं. तुमचा ओक सोन्यासारखा आहे, कारण इथल्या देशी झाडांत ओकवर जितक्या जातींच्या अळ्या पोसतात तितक्या फार थोड्या झाडांवर पोसतात. तो कापायचा सल्ला कोणी दिला तर दोनदा विचार करा. डासांसाठी अंगणात फवारणी करणाऱ्या कंपन्या दारावर माहितीपत्रकं लावून जातात. ती फवारणी डासांबरोबर ब्लॅकपोलचं जेवणही मारते. मांजर असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात निदान घरात ठेवा.

काचांचं मात्र मनावर घ्या. अमेरिकेत काचेवर आपटून मरणाऱ्या पक्ष्यांचा अंदाज वर्षाला ३६ कोटींपासून जवळजवळ १०० कोटींपर्यंत आहे, आणि त्यातला मोठा वाटा उंच इमारतींचा नाही, साध्या घरांचा आणि कमी मजली इमारतींचा आहे. ससाण्याच्या आकाराचं एखादं स्टिकर चिकटवून काही होत नाही; पक्षी त्याच्या शेजारून जायला बघतो आणि आपटतो. काचेच्या बाहेरच्या बाजूने, सगळ्या काचेवर, पाच सेंटीमीटर अंतराने ठिपके हवेत. शिकागोच्या मॅकॉर्मिक प्लेस या प्रदर्शन केंद्राच्या काचांवर ऑक्टोबर २०२३मधल्या एका रात्रीत हजाराच्या आसपास पक्षी मेले. पुढच्या वर्षी तिथे ठिपक्यांची फिल्म लावली आणि मृत्यू ९५ टक्क्यांच्या आसपास घटले. इतका खात्रीचा उपाय पक्षिसंरक्षणात क्वचित सापडतो.

रात्रीचे दिवेही तसेच. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबरच्या स्मरणार्थ जे प्रकाशझोत आकाशात सोडतात, त्यांच्यात सात वर्षांतल्या सात रात्री मिळून सुमारे ११ लाख पक्षी घोटाळत राहिल्याचं रडारवरून मोजलं गेलं. झोत वीस मिनिटं बंद केले की ते पांगतात, आणि तिथे आता पक्ष्यांची गर्दी झाली की तसं करतातही. तुमच्या अंगणातला फ्लडलाइट त्यामानाने क्षुल्लक, पण वायव्येचा वारा सुटलेल्या स्वच्छ रात्री तो मालवायला काय जातं? बर्डकास्ट या संकेतस्थळावर तुमच्या काउंटीवरून आज रात्री किती पक्षी जातायत याचा रडारवरून काढलेला आकडा मिळतो. एकदा बघाच, थक्क व्हाल.

काचेवर आपटून पडलेला पक्षी सापडला तर त्याला पाणी पाजू नका, खायला देऊ नका, हातात घेऊन फोटो काढत बसू नका. कागदी पिशवीत किंवा बुटाच्या खोक्यात, अंधारात, शांत जागी तासभर ठेवा. बाहेर नेऊन उघडा. उडाला तर उत्तम, नाहीतर परवानाधारक वन्यजीव पुनर्वसन केंद्राला फोन करा. घरात पाळायचा विचारही नको, १९१८च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने तो गुन्हा आहे. मेलेल्या पक्ष्याच्या पायात कडी असेल तर तिचा क्रमांक सरकारच्या बर्ड बँडिंग लॅबोरेटरीकडे ऑनलाइन कळवा. त्या पक्ष्याला कुठे, कधी, कोणत्या वयात कडी घातली होती ते तुम्हाला कळवतात.

आता चिरंजीव. कडी घालायचा परवाना हीच लॅबोरेटरी देते आणि तो अठरा वर्षांखालच्याला मिळत नाही. पण परवानाधारकाच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या स्टेशनांवर बरीच मुलं येतात. काही ठिकाणी आईबाबांपैकी एकाने सोबत थांबावं लागतं. पहिल्या हंगामात त्याच्या हातात पेन्सिल राहील, पक्षी नाही. क्रमांक, वजन, चरबीचा आकडा सांगितला की वहीत लिहायचा आणि मोठ्याने परत वाचून दाखवायचा. एक आकडा चुकला तर ती नोंद कायमची वाया जाते, त्यामुळे या कामाला हलकं समजू नये. पुढे पिशव्या आणणं, मग सुटलेला पक्षी हातात धरायची पद्धत: मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात, पाठ तळहाताला, बाकीची बोटं नुसती भोवती, दाब अजिबात नाही. जाळ्यातून सोडवणं सर्वांत शेवटी शिकवतात. पहाटे पाचला उठायची तयारी असेल, आणि पाऊस आला की त्या दिवशी काहीच होणार नाही हे मान्य असेल, तर ऑगस्टच्या मध्यापर्यंत जवळच्या स्टेशनला लिहा. हंगाम सुरू झाला की आम्हाला पत्रांना उत्तर द्यायला सवड नसते.